ब्राउझर लटकून राहिला? आधी पाहा, कोण खाऊन राहिलं

"भाऊ, हे क्रोम बेकार होऊन गेलं. दुसरं काही टाकून द्या ना." नागपूरच्या मानेवाड्यात घरगुती कॉम्प्युटर दुरुस्त करायला बसलं की हे वाक्य ऐकावंच लागतं. दुसरं टाकून द्यायला दहा मिनिटंही लागत नाहीत. नवा ब्राउझर पहिल्या दिवशी सुसाट पळतो, माणूस खूश होऊन घरी जातो, आणि थोड्या दिवसांनी तीच तक्रार घेऊन परत येतो. पहिल्या दिवशी तो पळतो, कारण तो रिकामा असतो. त्यात तुमचे वीस टॅब नसतात, कधीतरी चिकटलेली एक्स्टेन्शनं, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे जादा प्रोग्राम, नसतात, नोटिफिकेशनला दिलेल्या परवानग्या नसतात. हे सगळं त्यात भरलं की तोही मागच्यासारखाच होतो.

ब्राउझर बदलायचा कसा ते पुढे सांगतोच. त्याआधी थोडी तपासणी करू, कारण बऱ्याचदा तिथेच काम भागतं. लेख विंडोजवाल्यांसाठी आहे. मेनूतली नावं तुमच्या आवृत्तीत थोडीफार इकडची तिकडे असू शकतात, पण शोधलं की सापडतात.

पहिली पायरी: दोष खरंच ब्राउझरचा आहे का?

"स्लो" या एका शब्दात तीन-चार वेगवेगळे आजार असतात.

पान उघडताना गोल चाक फिरत राहतं, पण त्या वेळी माउस नीट हलतो, दुसरा प्रोग्राम पटकन उघडतो. असं असेल तर दोष नेटचा किंवा त्या साइटचा. बारावीच्या निकालाच्या दुपारी किंवा स्कॉलरशिपच्या फॉर्मच्या शेवटच्या तारखेला साइट उघडत नसेल, तर जगातला कुठलाही ब्राउझर आणला तरी ती उघडणार नाही. मोबाइलच्या डेटावर तीच साइट उघडून बघा. तिथेही अडली तर चहा घ्या आणि रात्री उशिरा प्रयत्न करा.

माउसच अडखळतो, टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटतं, एका टॅबवरून दुसऱ्यावर जाताना पांढरा पडदा दिसतो, हार्ड डिस्कचा दिवा सतत लुकलुकतो, तर बहुतेक मेमरीचा प्रश्न आहे. या लेखातला मुख्य रुग्ण तोच.

तिसरा आजार खास आपल्याकडचा. उन्हाळ्यात, विशेषतः नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ रखरखीत दिवसांत, लॅपटॉप सकाळी ठीक चालतो आणि दुपारी दोनला रांगायला लागतो. प्रोसेसरचं तापमान 95 ते 100 अंशांच्या आसपास गेलं, की तो स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. खोलीतलीच हवा 40 अंशांची असेल, तर पंख्याने कितीही फुंकलं तरी आत गरम हवाच जाणार. त्यात लॅपटॉप गादीवर ठेवलेला, खालची जाळी चादरीने बंद, आणि आत दोन वर्षांची धूळ. याची परीक्षा सोपी आहे. सकाळी सातला आणि दुपारी दोनला तेच चार टॅब उघडून बघा. फक्त दुपारी रखडत असेल, तर ब्राउझर बदलून काही होणार नाही. लॅपटॉप टणक, सपाट जागेवर ठेवा, आतली धूळ साफ करून घ्या, आणि कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. कूलरची हवा गार असते खरी, पण ओली असते.

आणि लाइन गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर आला की विंडोज आणि क्रोम दोघंही वीज वाचवायच्या नादात थोडे मंदावू शकतात. क्रोममध्ये त्या सोयीचं नाव 'एनर्जी सेव्हर'. तोही बिघाड नाही.

दुसरी पायरी: विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा

कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. छोटी खिडकी उघडली तर खाली 'मोर डिटेल्स' दिसेल, त्यावर क्लिक करा. आता 'मेमरी' असं लिहिलेल्या रकान्याच्या डोक्यावर क्लिक केलं, की सगळ्यात जास्त खाणारा वर येतो.

इथे दोन आकडे बघायचे. मेमरी किती टक्के भरली आहे, आणि डिस्क किती टक्के चालली आहे.

मेमरी म्हणजे रॅम. ती स्वयंपाकघरातला ओटा समजा, आणि डिस्क म्हणजे माळा. जे हाताशी लागतं ते ओट्यावर असतं. ओटा भरला की विंडोज काही भांडी माळ्यावर चढवतं, आणि तुम्ही मागितली की परत उतरवतं. ही चढ-उतर सुरू झाली की कॉम्प्युटर लटकतो. त्यातही जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर फारच.

म्हणून मेमरी 70 टक्के भरलेली दिसली तर घाबरायचं कारण नाही. विंडोज रिकाम्या रॅमचाही काही ना काही उपयोग करून घेतंच. पण मेमरी 90 च्या वर आणि त्याच वेळी डिस्क 100 ला टेकलेली, असं मिनिटभर टिकून राहिलं, तर चढ-उतर सुरू आहे असं समजा. 4 जीबीच्या मशीनवर हे रोजचं दृश्य आहे. त्यातली निम्मी-अर्धी रॅम विंडोज आणि अँटिव्हायरसच खाऊन बसतात, थोडी ग्राफिक्स घेतं, उरलेल्यात ब्राउझरने संसार करायचा.

यादीत सगळ्यात वर ब्राउझर नसेल तर? मग उत्तर इथेच मिळालं. अँटिव्हायरसचं स्कॅन, विंडोज अपडेट, नाहीतर एकाला दोन अँटिव्हायरस टाकलेले. हे तिसरं मी फार बघतो. एक लॅपटॉपसोबत आलेला असतो, दुसरा कोणीतरी टाकून दिलेला. एक काढून टाका.

तिसरी पायरी: ब्राउझरच्या आत कोण खातंय?

सगळ्यात महत्त्वाची पायरी ही, आणि नेमकी हीच कोणाला माहीत नसते. ब्राउझरचा स्वतःचा वेगळा टास्क मॅनेजर असतो. क्रोममध्ये उजवीकडच्या तीन टिंबांवर क्लिक करा, 'मोर टूल्स', मग 'टास्क मॅनेजर'. मायक्रोसॉफ्टच्या एजमध्येही त्याच वाटेने 'ब्राउझर टास्क मॅनेजर'. फायरफॉक्समध्ये तीन आडव्या रेघांचा मेनू, 'मोर टूल्स', 'टास्क मॅनेजर'. शॉर्टकट हवा असेल तर शिफ्ट आणि एस्केप.

विंडोजच्या यादीत क्रोमच्या नावाखाली दहा-वीस ओळी दिसतात आणि लोक म्हणतात व्हायरस आला. व्हायरस नाही, क्रोमची बांधणीच तशी आहे. 2008 मध्ये क्रोम आलं तेव्हा त्याचं वेगळेपण हेच होतं, की प्रत्येक टॅब जवळजवळ स्वतंत्र प्रोग्रामसारखा चालतो. एक टॅब कोसळला तर बाकीचे वाचतात. 2018 मध्ये स्पेक्टर नावाची प्रोसेसरमधली त्रुटी उघडकीला आली. त्यानंतर क्रोमने प्रत्येक साइट दुसऱ्या साइटपासून आणखी काटेकोरपणे वेगळी ठेवायला सुरुवात केली, म्हणजे एका साइटला दुसऱ्या साइटचा डेटा चोरून वाचता येऊ नये. या सुरक्षेपायी मेमरी साधारण 10 ते 13 टक्के जास्त लागते, असं गूगलनेच तेव्हा सांगितलं होतं. बँकेचा टॅब आणि फालतू गाण्यांच्या साइटचा टॅब शेजारी-शेजारी उघडे ठेवणाऱ्यांनी ही किंमत आनंदाने द्यावी.

आता एक उदाहरण जवळून बघू. प्रतापनगरच्या एका निवृत्त गुरुजींचा डेस्कटॉप. 4 जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क, क्रोममध्ये वीसेक टॅब. गुरुजींचा संशय यूट्यूबवर, कारण त्यावर कीर्तनं चालतात. क्रोमचा टास्क मॅनेजर उघडला, 'मेमरी फूटप्रिंट'च्या रकान्यावर क्लिक केलं. सगळ्यात वर यूट्यूब नव्हतंच. वर होतं एका बातम्यांच्या साइटचं पान, सोन्याचा आजचा भाव. सकाळी उघडलं, भाव बघितला, आणि तसंच सोडून दिलेलं. पान मजकुराच्या दहा ओळींचं, पण भोवती जाहिराती, कोपऱ्यात आपोआप सुरू होणारा व्हिडिओ, आणि थोड्या-थोड्या वेळाने बदलणाऱ्या पट्ट्या. कोणी बघत नसतानाही ते चरत बसलं होतं. कीर्तनाचा टॅब त्याच्या खाली, आणि त्याच्याही खाली एक ओळ 'एक्स्टेन्शन' अशी. खरेदीवर कूपन शोधून देणारं काहीतरी.

"हे मी कधी घेतलं बाप्पा?" गुरुजी म्हणाले.

घेतलं नव्हतंच त्यांनी. पीडीएफ जोडायचं फुकटचं सॉफ्टवेअर उतरवताना 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत गेले, त्यात ते आलं असावं. टॅब बंद केला, एक्स्टेन्शन काढलं, आणि डिस्कचा दिवा शांत झाला. ब्राउझर तोच.

तुम्हीही असंच करा. वरच्या चार-पाच ओळी वाचा. जी ओळ टॅबची आहे आणि तुम्हाला नको आहे, ती निवडून खालचं 'एंड प्रोसेस' दाबा. मात्र त्या टॅबमध्ये अर्धवट भरलेला फॉर्म असेल तर तो गेलाच म्हणून समजा, म्हणून नाव नीट वाचूनच दाबा. 'ब्राउझर' आणि 'जीपीयू प्रोसेस' या ओळींना हात लावू नका.

एखादा टॅब सकाळी थोडीच मेमरी खात होता आणि संध्याकाळी, काही न करता, त्याच्या कित्येक पट, असं दिसलं तर त्या साइटच्या कोडमध्ये गळती आहे. घेतलेली मेमरी ती परत करत नाही. यावर तुमच्या हातात एकच उपाय, तो टॅब अधूनमधून रिफ्रेश करणं. ऑफिसची वेब-अॅप्स आणि दिवसभर उघडे राहणारे मेलबॉक्स या बाबतीत कुप्रसिद्ध आहेत.

चौथी पायरी: एक्स्टेन्शनांची झडती

आधी एक झटपट चाचणी. रखडणारी साइट इन्कॉग्निटो खिडकीत उघडा, कंट्रोल, शिफ्ट आणि एन. या खिडकीत एक्स्टेन्शनं सहसा बंद असतात. इथे साइट पळाली आणि नेहमीच्या खिडकीत रखडली, तर चोर एक्स्टेन्शनांमध्येच आहे.

मग तीन टिंबं, 'एक्स्टेन्शन्स', 'मॅनेज एक्स्टेन्शन्स'. प्रत्येकाकडे बघून स्वतःला विचारा, हे मी टाकलं का आणि गेल्या महिन्यात वापरलं का. दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर 'रिमूव्ह'. शंका असेल तर नुसतं बंद करून ठेवा. माझा नियम कडक आहे: घरच्या मशीनवर जाहिराती अडवणारं एक, मराठी टाइप करायला लागत असेल तर ते एक, बस. पासवर्ड मॅनेजर वापरत असाल तर तिसरं.

इथेच हात फिरतोय तर सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'साइट सेटिंग्ज', 'नोटिफिकेशन्स' हेही उघडा. "अलाऊ दाबा, तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा" असं म्हणणाऱ्या पानांवर अलाऊ दाबलेलं असतं, आणि मग दिवसभर कोपऱ्यात 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये 5 व्हायरस' असं येत राहतं. अनोळखी नावं सगळी काढून टाका. त्या व्हायरसच्या सूचनेवर क्लिक तर मुळीच करू नका.

आणखी एक बटण 'सिस्टिम' या भागात आहे: क्रोम बंद केल्यावरही मागे अॅप्स चालू ठेवायचं. ते बंद करा. एजमध्ये याचा भाऊ 'स्टार्टअप बूस्ट' नावाने राहतो. कमी रॅमच्या मशीनवर तोही नको.

पाचवी पायरी: झोपणारे टॅब

क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'परफॉर्मन्स' म्हणून भाग आहे, त्यात 'मेमरी सेव्हर'. तो चालू केला की बराच वेळ न बघितलेला टॅब क्रोम मेमरीतून काढून टाकतं. टॅब वर दिसत राहतो, क्लिक केलं की पान नव्याने येतं. 4 जीबीवाल्यांनी यातला सगळ्यात कडक 'मॅक्सिमम' पर्याय घ्यावा. एजमध्ये हीच सोय 'स्लीपिंग टॅब्स' नावाने आहे आणि किती वेळाने झोपवायचं तेही ठरवता येतं. फायरफॉक्स विंडोजवर मेमरी कमी पडायला लागली की जुने टॅब आपणहून उतरवतो.

गाणं वाजत असलेला टॅब, फाइल उतरत असलेला टॅब, अर्धवट भरलेला फॉर्म यांना क्रोम सहसा झोपवत नाही. तरी महाडीबीटीचा किंवा विद्यापीठाच्या परीक्षेचा फॉर्म भरताना 'सहसा'वर विसंबू नका. त्याच भागात 'ऑलवेज कीप दीज साइट्स अॅक्टिव्ह' अशी यादी आहे, त्यात त्या साइटचा पत्ता घालून ठेवा.

करू नका अशा गोष्टी

कॅशे उडवणं हा आपल्याकडचा सर्वरोगहारी उपाय आहे. कॅशे म्हणजे एकदा पाहिलेल्या पानांची जपून ठेवलेली चित्रं वगैरे, आणि ती डिस्कवर असते. ती उडवल्याने रॅम मोकळी होत नाही, उलट पुढच्या वेळी सगळी चित्रं पुन्हा नेटवरून आणावी लागतात. साइट वेडीवाकडी दिसत असेल, जुनंच पान दाखवत असेल, तेव्हा कॅशे उडवा. आणि तेव्हाही 'पासवर्ड्स'समोरची खूण काढूनच.

'रॅम बूस्टर', 'पीसी क्लीनर' असली सॉफ्टवेअरं तर टाकूच नका. ती सगळं ओढून डिस्कवर ढकलतात, आकडा मिनिटभर खाली दिसतो, आणि नंतर सगळं परत आणताना मशीन आणखी लटकतो. शिवाय ती स्वतःच रॅम खातात.

हे सगळं करूनही ब्राउझर विचित्र वागत असेल तर बदलण्याआधी एकदा रीसेट करा. क्रोममध्ये सेटिंग्ज, 'रीसेट सेटिंग्ज'. बुकमार्क आणि पासवर्ड राहतात, एक्स्टेन्शनं बंद होतात. फायरफॉक्समध्ये याला 'रिफ्रेश फायरफॉक्स' म्हणतात.

सहावी पायरी: आता बदलायचं तर कोणता?

गंमत अशी, की पंधरा-सोळा वर्षांपूर्वी हाच प्रवास उलट्या दिशेने चालला होता. 2004 मध्ये पहिली आवृत्ती आलेला फायरफॉक्स तोपर्यंत मेमरी खाण्याबद्दल बदनाम झाला होता आणि लोक हलकंफुलकं म्हणून क्रोमकडे पळत होते. तो बनवणाऱ्या मोझिलाने 2011 मध्ये मेमरी कमी करण्यासाठी 'मेमश्रिंक' नावाची खास मोहीम काढली, आणि 2017 मध्ये क्वांटम म्हणून बरीच आतली बांधणी बदलली. म्हणजे 'अमुक ब्राउझर जड' हे वाक्य कायमचं खरं नसतं.

निवड करताना आत इंजिन, म्हणजे पानं दाखवणारं यंत्र, कोणतं ते बघा. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी या सगळ्यांच्या आत क्रोमियम ही गूगलची एकच मूळ बांधणी आहे. ऑपेराने 2013 मध्ये आपलं जुनं इंजिन सोडलं, एजने 2020 मध्ये. क्रोमवरून एजवर गेलात तर पानं दाखवणारं यंत्र तेच राहतं, फरक पडतो तो वरच्या सोयींचा. फायरफॉक्सचं इंजिन मात्र पूर्ण वेगळं, गेको. सफारी विंडोजवर विसराच, ॲपलने ते 2012 नंतर सोडून दिलं.

माझं मत स्पष्टच सांगतो. ज्यांचा दिवस मराठी बातम्या, यूट्यूब, मेल आणि थोडं बँकेचं काम यात जातो, त्यांनी फायरफॉक्स घ्यावा आणि त्यावर 'यूब्लॉक ओरिजिन' हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाकावं. मेमरी खाणारा मोठा पाहुणा जाहिराती आहेत. त्या आल्याच नाहीत तर त्यांच्यासाठी मेमरी लागत नाही, डेटाही वाचतो. क्रोमने 2024 पासून एक्स्टेन्शनांचे नियम बदलल्यामुळे पूर्ण ताकदीचं यूब्लॉक ओरिजिन तिथे चालेनासं झालं, त्याचा 'लाइट' अवतार चालतो. फायरफॉक्सवर पूर्ण चालतं. शिवाय फायरफॉक्सचे मेनू मराठीत करून घेता येतात, घरातल्या वडीलधाऱ्यांना ते बरं पडतं. एक्स्टेन्शनच्या भानगडीत पडायचंच नसेल तर ब्रेव्ह. जाहिराती अडवणं त्यात घरचंच आहे. पहिल्यांदा उघडल्यावर क्रिप्टो वगैरेचे तुकडे दिसतील, ते बंद करून टाका.

आणि काहीच नवीन उतरवायचं नसेल तर एज विंडोजमध्ये बसलेलाच आहे. स्लीपिंग टॅब चालू करा आणि पहिल्या पानावरच्या बातम्यांचा बाजार सेटिंगमधून बंद करा. बरा चालतो.

विंडोज 7 अजून चालवणाऱ्यांसाठी एक ओळ: क्रोम तुमच्याकडे 2023 मध्ये 109 व्या आवृत्तीवर थांबलं आहे. तिथे ब्राउझर बदलून भागणार नाही, बँकेचं काम त्या मशीनवर करू नका.

सातवी पायरी: सामान हलवणं

नवा ब्राउझर त्याच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा. फायरफॉक्सची साइट मोझिलाची, ब्रेव्हची ब्रेव्ह डॉट कॉम. शोधल्यावर वर 'स्पॉन्सर्ड' असं लिहिलेला पहिला दुवा दाबू नका. नकली डाउनलोड बरेचदा तिथेच बसलेले असतात.

बुकमार्क आणायला फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये 'जनरल' भागात 'इम्पोर्ट ब्राउझर डेटा' आहे. क्रोम निवडा, पुढे जा, झालं. पासवर्ड मात्र हल्ली थेट येतीलच असं नाही, कारण क्रोमने त्यांची कुलुपं वाढवली आहेत. त्यासाठी क्रोममध्ये सेटिंग्ज, 'गूगल पासवर्ड मॅनेजर', त्याच्या सेटिंग्जमध्ये 'एक्सपोर्ट पासवर्ड्स'. विंडोजचा पिन विचारेल, मग एक सीएसव्ही फाइल मिळेल. फायरफॉक्सच्या 'पासवर्ड्स' पानावर तीन टिंबांमध्ये 'इम्पोर्ट फ्रॉम अ फाइल' करून ती आत घ्या.

त्या फाइलमध्ये तुमचे सगळे पासवर्ड उघड्या अक्षरांत लिहिलेले असतात. नोटपॅडमध्ये कोणीही वाचू शकतं. काम झालं की लगेच, उद्या नाही, ती फाइल निवडून शिफ्ट आणि डिलीट दाबा, म्हणजे ती रिसायकल बिनमध्येही राहणार नाही. ती व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवणारे महाभाग असतात, तसं करू नका. आणि हे सगळं घरच्या मशीनवर. नेट कॅफेत किंवा सेवा केंद्राच्या कॉम्प्युटरवर पासवर्ड सेव्हच करायचे नसतात.

एक्स्टेन्शनं येणार नाहीत, तेच बरं. सगळ्या साइटवर एकदा नव्याने लॉग-इन करावं लागेल, आणि बँक नवीन ठिकाणाहून लॉग-इन झाल्याचा मेसेज पाठवेल. तुम्हीच केलं आहे, घाबरू नका.

आता आठवडाभर दोन्ही ब्राउझर ठेवून प्रामाणिक तुलना करा. रिकामा नवा आणि भरलेला जुना अशी कुस्ती लावू नका. दोन्हींत तेच सात-आठ टॅब उघडा, आधी एकात. पाच मिनिटं जाऊ द्या, विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये त्या ब्राउझरच्या नावासमोरचा एकूण आकडा लिहून घ्या, तो पूर्ण बंद करा, मग दुसऱ्यात तेच. फरक किरकोळ निघाला, तर दोष ब्राउझरचा नव्हता आणि तुमच्या सवयीचा जुना ब्राउझरच चांगला. फरक मोठा निघाला तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'अॅप्स', 'डिफॉल्ट अॅप्स' इथे जाऊन नव्याला मुख्य करा.

जुना काढून मात्र टाकू नका. सरकारी पोर्टलवर डिजिटल सहीचं काम करणाऱ्यांना हे आधीच ठाऊक आहे. सही करायचं सॉफ्टवेअर एका ब्राउझरवर मुकाट चालतं आणि दुसऱ्यावर अडतं. सातबारा किंवा पावतीची खिडकी उघडत नसेल तर बहुतेक नव्या ब्राउझरने पॉप-अप अडवलेली असते. पत्त्याच्या पट्टीत तशी खूण दिसते, तिथून त्या साइटला परवानगी द्या. जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शनही तेवढ्या साइटपुरतं बंद करता येतं. इंटरनेट एक्सप्लोरर मागणारी एखादी पुराणी साइट अजून वाट्याला येत असेल, तर ते 2022 मध्येच निवृत्त झालं, पण एजमध्ये 'आयई मोड' शिल्लक आहे.

फोनवर

फोनच्या क्रोममध्ये शंभराच्या वर टॅब झाले की आकड्याच्या जागी हसरा चेहरा दिसतो. तो कौतुकाचा नाही, पण काळजीचाही नाही. फोन जुने टॅब मेमरीत ठेवत नाही. फोन अडखळत असेल तर आधी स्टोरेज किती शिल्लक आहे ते बघा. 'गुड मॉर्निंग'चे फोटो उडवा.

तरीही रखडतोय?

मग रॅम कमी आहे, नाहीतर डिस्क जुनी आहे, आणि कुठलाच ब्राउझर यावर औषध नाही. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स', मग 'मेमरी' उघडा. 'स्लॉट्स यूज्ड' समोर '1 ऑफ 2' असं असेल तर एक जागा रिकामी आहे, रॅम वाढवता येईल. त्याच यादीत 'डिस्क'समोर 'एचडीडी' (म्हणजे फिरणारी हार्ड डिस्क) लिहिलेलं असेल तर माझ्या मते पहिला खर्च एसएसडीवर, म्हणजे आत काही न फिरणाऱ्या जलद डिस्कवर, करावा. ओटा लहानच राहिला तरी माळ्यावरची चढ-उतर कितीतरी पटीने जलद होते आणि सगळा कॉम्प्युटरच जागा होतो. विंडोज 10 वर असाल तर त्याचं नेहमीचं समर्थन 14 ऑक्टोबर 2025 ला संपलं, हेही खर्च करण्याआधी डोक्यात असू द्या. फारच जुनं मशीन असेल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टिम टाकून घेता येते. त्यात फायरफॉक्स आधीच असतो, आणि बातम्या-मेल-यूट्यूबपुरतं ते मशीन आणखी काही वर्षं जातं.

बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, रॅम घ्यायला जाल तेव्हा लॅपटॉप सोबत न्या. रॅमचे डीडीआर3 आणि डीडीआर4 हे प्रकार एकमेकांच्या जागी बसत नाहीत, आणि काही बारीक लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच पक्की केलेली असते, तिथे वाढवायला जागाच नसते. दुकानदाराला समोरच उघडून बघायला सांगा. नवी बसवली की लॅपटॉप चालू करून टास्क मॅनेजरमध्ये वाढलेली रॅम दिसते का ते स्वतः बघा, जुनी रॅम काढली असेल तर ती मागून घ्या, पक्कं बिल घ्या, आणि मग पैसे द्या.